सेव्ह होईपर्यंत

आमच्या चष्म्याच्या दुकानाचा प्रोग्राम ह्यांनी स्वतः लिहिलेला, लग्न झालं त्याच वर्षी. निळा पडदा, पिवळी अक्षरं, दिसायला भयंकर. पण आजारपणात किल्ली कुठे ठेवली, नळ बंद केला का, काहीच आठवेनासं झालं, तरी त्या पडद्यापुढे बसवलं की ह्यांची बोटं बिनचूक चालायची. गिऱ्हाईक, नंबर, फ्रेम, सेव्ह.

माहितीची जुनी फाइल मात्र सारखी बिघडायला लागली. लेकीने माहिती साठवायला नवा डेटाबेस सर्व्हर आणला. "आई, प्रोग्रामही नवाच घेऊ."

"मग तुझे बाबा दिवसभर करतील काय?"



म्हणून मी शिकले. व्हिडिओ बघून, अनोळखी लोकांना प्रश्न विचारून. सगळी माहिती सर्व्हरवर हलवली, मधे जुन्या प्रोग्रामला सर्व्हरशी जोडणारा ड्रायव्हर टाकला, निळ्या पडद्याला पत्ताच लागू दिला नाही. तारीख न भरलेल्या जुन्या नोंदी सर्व्हर घेईना, त्याच्याशीही भांडले. अखेर चाललं.

दुसऱ्या दिवशी लेक हसत आली. "आई, एका आजोबांचे चार चष्मे! डोळे किती आहेत त्यांना?"

मी ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. बटण दाबलं की लगेच सेव्ह व्हायचं. ह्यांचा विश्वासच बसेना; पुन्हा दाबत, पुन्हा दाबत, आणि दर वेळी नवी नोंद. जुनं मशीन सेव्ह करताना घरघरत बसायचं, आणि तेवढ्या वेळात हे खुर्ची वळवून मला विचारायचे, "काय गं, दमलीस?" इतकी वर्षं. मी "छे" म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं.

मग मी जोडणीत मुद्दाम उशीर घातला.

"आई, लोक वेग वाढवायला मरतात," लेक म्हणाली.

"मरू देत."

ह्यांनी सेव्ह दाबलं. एकदाच. पडदा थबकला. बोटं उचलली गेली, खुर्ची वळली. माझं "छे" तयारच होतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग अदबीने म्हणाले, "तुम्ही नवीन लागलात का इथे?"

लेकीने तोंड फिरवलं.

"हो," मी म्हटलं. "आजच."

"घाबरू नका, सोपं आहे." सरकून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. "फक्त सेव्ह केल्यावर जरा थांबायचं."