उसाच्या त्या टोकाला

"आबा, सगळा गाव आपल्या अंगणात येऊन बसलाय आणि तुम्ही खोरं घेऊन कुठं निघालात?"

"उसाला पाणी द्यायचं हाय."

"आजच?"

"उसाला काय दिल्लीचं कळतंय व्हय?"

एवढं बोलून माझे सासरे, गेणबाआबा, मागच्या दारानं निघून गेले. पुढच्या दारानं गेले असते तर गावाला तोंड द्यावं लागलं असतं. मला असा राग आला म्हणून सांगू! ज्यांच्या सख्ख्या धाकट्या भावासाठी आमच्या निरवांगी गावची निम्मी माणसं कामधंदा सोडून आली होती, त्यांनाच नेमकं त्या दिवशी पाणी सुचावं.

धाकटे भाऊ म्हणजे आमचे झुंबरतात्या. केंद्रात संरक्षण खात्याचे राज्यमंत्री. राज्यमंत्र्याला दिल्लीत फार बोलावं लागत नाही, हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं. मोठे मंत्री बोलतात, राज्यमंत्री शेजारी बसून मान हलवतात. पण त्या आठवड्यात मोठे मंत्री परदेशी गेले होते आणि लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासाला उभं राहायची पाळी तात्यांवर आली. प्रश्नही साधा नव्हता. आपलं एक मालवाहू जहाज कुठल्याशा परदेशी बंदरात अडकवून ठेवलं होतं आणि त्यावरचे पंधरा खलाशी तिथंच खोळंबले होते. नौदल काय करतंय, त्या देशाशी बोलणं चाललंय की नाही, असं सगळं त्यात होतं.

आमच्या ह्यांनी, म्हणजे यशराजनं, टीव्ही ओसरीवर आणून टांगला. दूध डेअरीच्या चेअरमननी पेढे पाठवले, उत्तर व्हायच्या आधीच. हलगीवाले हलग्या शेकून तयार. शेजारच्या रानाचे म्हस्कूआण्णा पहिली खुर्ची धरून बसले, जशी काही मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्यामुळंच अडली होती.

मी स्वयंपाकघरात चहाचं आधण वाढवत पुटपुटत होते. सासूबाईंनी ऐकलं. मी त्यांना आत्या म्हणते.

"राजलक्ष्मी, उगं बोल लावू नगंस त्यास्नी," आत्या म्हणाल्या. "हौसंनं गेलं न्हाईत ते. भ्याल्यात."

"आबा? भ्याले?"

"मग काय तर. भावजी अडाकतील म्हून."

तात्या बोलताना मधूनच अडतात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्यातही 'प' आला की जीभ जागीच रुतते. आता ज्याचं 'प'शी वाकडं त्यानं राजकारणात जावं का? पंचायत, पक्ष, पद, पाठिंबा, पंतप्रधान, सगळा कारभारच 'प'चा. पण तात्या गेले, आणि पाठ केलेली भाषणं ठोकत पार दिल्लीपर्यंत पोचले. पाठ केलेलं असलं की ते अडत नाहीत. अचानक कुणी काही विचारलं की मग पंचाईत होते. मागं एकदा बारामतीच्या कार्यक्रमात असंच झालं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, त्याला ढोलकी जोडली आणि तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. आबांनी तो पाहिला त्या दिवशी स्वतःचा मोबाईल ज्वारीच्या कोठीत टाकला. तो अजून तिथंच आहे.

"आज तर कागद न्हाय का कायबी न्हाय," आत्या म्हणाल्या. "समोरची मान्सं काय बी इचारणार. ह्यास्नी काल राती जेवान गेलं न्हाय."

"पण घरात बसून धीर द्यायचा की रानात पळायचं?"

आत्यांनी चहाची किटली खाली ठेवली. "तुला दाऱ्याची गोष्ट ठावं न्हाय व्हय गं?"

मला ठाऊक नव्हती. इतकी वर्षं या घरात आहे, पण काही गोष्टी या माणसांना सांगाव्याशाच वाटत नाहीत.

उभ्या उसाला पाणी द्यायचं तर दोन माणसं लागतात. एक पाटाच्या तोंडाशी, खोरं घेऊन. सरीचं दारं उघडायचं, म्हणजे मातीचा बांध फोडून पाणी आत सोडायचं. दुसरा माणूस सरीच्या त्या टोकाला. ऊस पुरुषापेक्षा उंच, मधलं काही दिसत नाही. पाणी टोकाला आलं की त्यानं ओरडायचं, "पोचलं!" इकडच्यानं "ऐकलं!" म्हणून ते दारं बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. ओरडायला उशीर झाला तर पाणी बांध फोडून शेजारच्याच्या रानात.

"थोरले मामा, म्हंजी माझं सासरं, लई तापट," आत्या सांगत होत्या. "ह्ये पाटावर, भावजी टोकाला. पानी यायचं, पोराच्या तोंडातनं 'पो' काय निघायचा न्हाय. पानी जायाचं म्हस्कूच्या बाच्या कांद्यात. मग भांडान. मग पोराला मार. शेवटाला मामा म्हनले, ह्येचा काय उपेग न्हाय, ह्येला मेंढरामागं लावा."

"मग?"

"मग ह्येंनी त्याला श्यानं केलं. म्हनले, झुंबऱ्या, बोलायची घाई करू नगंस. खोऱ्याचा दांडा बांधावर दोनदा आपट. ठक, ठक. आन तिसऱ्या ठोक्याला शबुद सोड. दारं फोडल्यावर पानी येतंय तसा आपसूक यील. म्या थांबतो, म्हनले. पानी फुटलं तर मार म्या खाईन."

"आणि फुटलं?"

"लई येळा फुटलं. खाल्ला की मार ह्येंनी." आत्या हसल्या. "पर येक दिस पोरगं वरडलं. ह्या टोकाला ऐकू आलं. मामा बैलं सोडून पळत आलं बघायला, कोण वरडलं म्हून."

मी चहा तसाच टाकला. माझा मोबाईल घेतला आणि मागच्या दारानं रानात गेले.

ऊस घराला लागूनच आहे. बाकी सगळ्या रानाला यशराजनं ठिबक केलंय, कळ दाबली की काम झालं. एवढा एक तुकडा आबांनी पाटपाण्याला ठेवलाय. ते पाटाच्या तोंडाशी उभे होते, खोऱ्यावर हनुवटी टेकून. दुसऱ्या टोकाला अर्थातच कुणी नव्हतं. हल्ली ते दारं उघडतात आणि स्वतःच बांधानं चालत त्या टोकाला जाऊन पाणी बघून येतात.

"आबा, मोबाईलवर दिसतं. इथंच बघू."

"नगं."

"तुम्ही नाही पाहिलं तरी ते बोलणारच आहेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खोरं न सोडता बांधावर बसले. मी शेजारी बसले. सुनेनं सासऱ्याच्या शेजारी बसायचं नसतं वगैरे त्या दिवशी दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

मोबाईलवरचं चित्र टीव्हीच्या मागं चालतं. क्रिकेटमुळं हे मला माहीत होतं. शेजारी आरडाओरडा होतो आणि आपल्या मोबाईलवर विकेट मागाहून पडते. तसंच झालं. अंगणात टाळ्या पडल्या आणि मग इकडं अध्यक्षांनी तात्यांचं नाव घेतलं. तात्या उभे राहिले. नवा कोट. तो त्यांना खांद्यात जरा मोठा होत होता.

लेखी उत्तर सभागृहापुढं ठेवलंय, एवढं म्हणायचं होतं, ते म्हणून झालं. पहिला पुरवणी प्रश्न नौदलाच्या गस्तीबद्दल आला. आमच्या इंदापुरी हिंदीत तात्यांनी झकास उत्तर दिलं. आबांचा श्वास मला ऐकू आला.

मग समोरच्या बाकांवरून एक बाई उठल्या. लांबण लावली नाही. बोलणी, प्रयत्न, हे खूप ऐकलं, म्हणाल्या. ते खलाशी कधी सुटणार तेवढं सांगा.

आणि घराकडून येणारा आवाज एकदम बंद झाला.

एवढ्या माणसांचं अंगण, पण चिडीचूप. मोबाईलवर अजून त्या बाईच बोलत होत्या. आबांना ती शांतता कळली. त्यांनी माझ्या हातातला मोबाईल झाकायला हात पुढं केला.

"आडाकला," ते म्हणाले. "बंद कर, पोरी."

मी बंद केला नाही. तात्या उठले. हातात एक चिठ्ठी, कुणीतरी नुकतीच पुढं केलेली. त्यांनी तोंड उघडलं. "पं..." म्हणाले. पुन्हा "पं... पं..." समोरून कुणीतरी हसलं. आणखी एकानं तसाच आवाज काढून दाखवला. तात्यांच्या मानेची शीर दिसत होती. आबांचे डोळे मिटलेले, आणि हातातला खोऱ्याचा दांडा बांधावर आपटत होता. ठक, ठक. ते काय करतायत हे त्यांचं त्यांनाही माहीत नसावं.

तेवढ्यात अंगणातून असा गलका उठला की झाडावरची पाखरं उडाली. हलगी कडाडली.

आबांनी डोळे उघडले. मोबाईलवर तात्या अजून अडलेलेच होते. पण त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली, उजवी मूठ समोरच्या बाकावर दोनदा आपटली, आणि थांबले. भर लोकसभेत, सगळी माणसं बघत असताना, अजिबात घाई न करता थांबले.

"पंद्रह के पंद्रह," तात्या म्हणाले. "सुटले हैं. आज सवेरे हवाई जहाज से उतरे. अपनी जमीन पे पहुँच गए."

'सुटले हैं' ही काही हिंदी नव्हे, पण दिल्लीला ती कळली. सगळं सभागृह बाकं वाजवायला लागलं. त्या विचारणाऱ्या बाईही वाजवत होत्या. हसणाऱ्यांचं काय झालं ते कॅमेऱ्यानं दाखवलं नाही, आणि आम्हाला बघायचंही नव्हतं.

"आबा, बोलले तात्या!" मी ओरडले.

माझे पाय गार लागले म्हणून मी खाली पाहिलं. पाणी! दारं उघडंच राहून सरी तुंबली होती, आम्ही बसलो होतो त्या बांधाला भगदाड पडलं होतं आणि पाण्याचा लोट निवांत म्हस्कूआण्णांच्या हरभऱ्यात निघाला होता. आबांच्या हातून पाणी फुटलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात म्हस्कूआण्णाच पळत आले. तोंडात पेढा, हातात दोन पेढे. "गेनबा, आरं ऐकलंस का..." म्हणताना त्यांचं लक्ष हरभऱ्याकडं गेलं. चेहरा क्षणभर बापाच्या वळणावर गेला. मग त्यांनी पेढा गिळला.

"जाऊ दे तिच्यायला. आज जाऊ दे पानी," ते म्हणाले, आणि एक पेढा आबांच्या तोंडात कोंबला. "पर उद्यापास्नं बघून सोड."

दुपारी माझ्या मोबाईलवर फोन आला. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. माणसं पांगली होती, आत्या पराती घासत होत्या.

"सूनबाई, दादा हायत का?" मंत्री झाल्यापासून तात्या बाहेर कसंही बोलोत, या घरात फोन केला की असेच बोलतात. मी फोनचा आवाज मोठा करून आबांच्या पुढं धरला.

"दादा," तात्या म्हणाले. "ऐकलं का?"

आबांनी तोंड उघडलं. "पो..." म्हणाले. पुढं काही येईना. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येईना. सत्तरी गाठलेला माणूस, जन्मात कधी कुणापुढं न अडलेला. आत्यांनी परात खाली ठेवली. मला तर बघवेना. मीच काहीतरी बोलणार होते, पण आत्यांनी हातानं मला थांबवलं.

तात्या तिकडं थांबले होते. मग दिल्लीतल्या कुठल्याशा टेबलावर दोनदा वाजलं.

ठक, ठक.

"पोचलं," आबा म्हणाले.

फोन माझ्या हातात तसाच ठेवून ते उठले, कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि फुटलेला बांध घालायला रानात गेले.