एकशे एकविसाव्याचं बारसं

एकशे एकविसावं मूलद्रव्य पाळण्यात ठेवलं आणि प्रयोगशाळेचा तिसरा मजला दुसरा झाला. आवाज असा झालाच नाही. खिडकीबाहेरची निलगिरी तेवढी एक मजला उंच झाली.

"नाव मिळेपर्यंत ते विरत नाही," संचालक म्हणाले, "आणि विरत नाही तोवर जड होत जातं."

नाव ठरवणाऱ्या समितीची अकरावी बैठक चहापानानंतर बरखास्त झाली होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हा मान आत्याचा. म्हणून मूलद्रव्य घडवणाऱ्या भालचंद्राच्या थोरल्या बहिणीला, सुनंदाबाईंना, जीप पाठवून आणवलं.

भालचंद्र पाळण्याची दोरी धरून उभा होता. नऊ वर्षं तो घरी आला नव्हता. आता गुडघ्यापर्यंत फरशीत गेला होता.

"ताई, माझंच नाव ठेव."

"मग तुझं काय होईल?"

संचालकांनी भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "एकशे विसाव्याला संस्थापकांचं नाव दिलं होतं. ज्याचं नाव, तो त्याच्याबरोबर विरतो. तीन मिलिसेकंदांत. त्रास नसावा. तक्रार आलेली नाही."

दुसरा मजला पहिला झाला. भालचंद्र कमरेपर्यंत गेला.

"नाहीतर आपल्या गावाचं नाव द्या," संचालक म्हणाले.

"गावात माणसं राहतात."

"ठेव गं माझं," भालचंद्र म्हणाला. "तेवढ्यासाठीच तर केलं सगळं."

"गप्प बस."

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं गेलं, तेव्हापासून त्यांचं माहेरचं नाव तसंच पडून होतं. चौतीस वर्षं कुणी वापरलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. भालचंद्र तर पहिल्यापासून ताईच म्हणायचा.

त्या पाळण्यावर वाकल्या. पाठीत धपाटे घालायला बायका नव्हत्या, म्हणून समितीच्या सदस्यांनी ते सेवाज्येष्ठतेनुसार घातले. "कुर्रर्र," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि नाव सांगितलं.

पाळणा रिकामा झाला. मुळा उपटावा तसा भालचंद्र फरशीतून वर आला. पहिला मजला दुसरा झाला, दुसरा तिसरा. सुनंदाबाईंना एकदम हलकं वाटलं.

संचालकांनी फॉर्म पुढे केला. "काय ठेवलंत?"

सुनंदाबाईंनी तोंड उघडलं. जागा होती, नाव नव्हतं.

"विरलं," त्या म्हणाल्या. "चल रे घरी. भात कुकरला लावूनच आलेय."

भालचंद्रानं चपला घातल्या. खिडकीबाहेर निलगिरीचा शेंडा खाली चालला होता. तिसरा मजला चौथा झाला, चौथा पाचवा, आणि जिन्याच्या पायऱ्या अजून तेवढ्याच होत्या.