दुसरं बोट

संघप्रियानं काउंटरवरचा लॅपटॉप उचलला आणि कुणाला न विचारता स्वतःच्या खांद्यावरच्या बॅगेत सरकवला. बॅगेत तिकिटाचं मशीन होतं, जेवणाचा डबा होता, पाण्याची बाटली होती. तरी तो पातळ लॅपटॉप अलगद आत गेला. तिनं चेन ओढली, बॅग खांद्याला अडकवली आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत आली.

"हे बरं हाय," ती म्हणाली. "कोण लगेज धरणार न्हाय ह्याचं."

दुकानदार अझीम हसला. आर्यनला मात्र हसू आलं नाही. लॅपटॉप त्याच्या कॉलेजसाठी घ्यायचा होता, उचलून न्यायचाही त्यानंच होता, आणि आई तो आपल्या बॅगेत घालून बघत होती. हे काही त्याला सरळ वाटेना.

संघप्रिया एसटीत कंडक्टर होती. आर्यन बालवाडीत जायचा तेव्हापासून ती कोल्हापूर-गारगोटी गाडीवर होती, आणि आज ड्युटी संपवून ती खाकी कोटावरच राजारामपुरीतल्या या दुकानात आली होती. माणूस पायरीवर पाय कसा ठेवतो यावरून तो तिकीट काढणार की चुकवणार हे तिला कळतं, असं डेपोत म्हणत. पोत्यात काय आहे आणि त्याचं लगेज धरायचं, म्हणजे सामानाचं वेगळं तिकीट फाडायचं, की नाही, हेही ती एका नजरेत ठरवी. विनातिकीट माणूस तिनं आजवर एकही सोडला नव्हता. एकदा स्वतःच्या चुलतसासऱ्याला तिनं भर गाडीत तिकीट काढायला लावलं होतं आणि म्हातारा त्यानंतर वर्षभर घरी जेवायला आला नव्हता.

अशा बाईच्या पोटी आलेल्या पोरानं करायचं काय? अकरावीत क्लास बुडवून तो मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेला, तर गाडी घाट चढायच्या आत आईचा फोन आला होता. जिल्ह्यातल्या कुठल्याही स्टँडवर त्यानं पाय ठेवला की कुठले तरी काका, कुठली तरी मावशी तिला कळवून मोकळी व्हायची. तेव्हापासून आर्यनही संशय घ्यायला शिकला होता. तेवढ्या एका बाबतीत तो अगदी आईवर गेला होता.

त्याला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, इथंच, शहरातल्या कॉलेजात. त्यासाठी लॅपटॉप कसा हवा हे तो महिनाभर घरात सांगत होता. मोठा स्क्रीन, वेगळं ग्राफिक्स कार्ड, तासन्‌तास चाललं तरी दम न टाकणारं यंत्र. वडील, म्हणजे गणपती, शिरोलीच्या फाउंड्रीत होते. त्यांनी 'तुम्ही दोघं ठरवा' म्हणून अंग काढून घेतलं होतं. आई मात्र सगळं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, उचलायला कसा आहे.

पैशांचं असतं तर आर्यनला समजलं असतं. पण पातळ आणि मोठ्या, दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता. त्यामुळंच तर त्याचा संशय वाढला होता.

"जड काम कॉलेजात करायचं की," संघप्रिया म्हणाली. "तितं मोठी मशिनं असणारच."

"लॅब पाचला बंद हुती. मी स्वतः विचारून आलोय. घरी कशावर करू?"

ती हटली नाही. तिनं पातळ लॅपटॉप बॅगेतून काढला आणि अझीमला प्रश्न विचारायला लागली. बाहेर उजेडात बसलं तर ह्याच्यावरचं दिसतं का? प्लग नसला तर किती वेळ चालतो? मोबाइलवरचं इंटरनेट ह्याला जोडता येतं का? अझीम एकेका प्रश्नाला मन लावून उत्तर देत होता.

आर्यन बाजूला उभा राहून ऐकत होता. कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरात प्रत्येक भिंतीला प्लग होता. घरात बसून काम करणाऱ्या पोराच्या लॅपटॉपला बाहेरचा उजेड कुठून लागणार होता? म्हणजे आईला तो घराबाहेर न्यायचा होता. डेपोत कॉम्प्युटरमधलं कळणारा कुणी ना कुणी असणारच. तो निवांत बसून आतलं सगळं उकरून काढेल आणि चहा पीत पीत तिला दाखवेल.

शिवाय हा अझीम. त्याची सासुरवाडी गारगोटीची, त्यामुळं तो आईच्या गाडीचा नेहमीचा माणूस. काल संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून उठून मागच्या अंगणात गेली होती आणि हळू आवाजात बोलत होती. गाडीच्या मागच्या सीटपर्यंत ज्या बाईचा आवाज सहज पोचतो ती हळू बोलायला लागली, म्हणजे काहीतरी शिजत होतंच. दोघांनी आधीच ठरवलं होतं आणि आता त्याच्यासमोर नाटक चाललं होतं, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

खरं तर आर्यनकडं लपवण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण काही लपवायचं नसलं तरी दार लावून घ्यावंसं वाटतं, असं ते वय होतं. तो अडून बसला. घ्यायचा तर मोठाच, नाहीतर काहीच नको, असं त्यानं दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

संघप्रियानं मोठा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून बघितला. अझीमनं त्याचा चार्जर काउंटरवर आणून ठेवला.

"ही वीट बी संगं न्ह्यायची?" तिनं विचारलं.

न्यावीच लागते, असं अझीम ओशाळून म्हणाला. तिनं ते सगळं खाली ठेवलं आणि उजवा खांदा जरा चोळला. मग आर्यनकडं बघून म्हणाली की बरं, शिकायचं त्याला आहे, त्याला हवा तोच द्या.

आर्यनला आनंद व्हायला हवा होता. पण सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या गाडीशी भांडणारी आई इतक्या सहज नमली, हे काही त्याच्या गळी उतरेना. तो आईच्या तोंडाकडं बघत राहिला. अझीम बिल करायला वळला, तेवढ्यात तिनं त्याला थांबवलं.

"आधी एक बघायचंय. ह्याला बोट लावलं की उघडतंय म्हणालता न्हवं?"

"व्हय ताई."

"मग दुसरं बोट बी चालतंय न्हवं? त्याचं एक आनि माझं एक?"

हे होतं तर. आर्यनचे कान तापले. इतका वेळ धुक्यात दिसावं तसं दिसत होतं, ते आता अगदी समोर येऊन उभं राहिलं होतं. अझीम म्हणाला की चालतं, पाहिजे तेवढी बोटं घालता येतात. संघप्रियानं अंगठा कोटाला पुसला आणि त्यानं दाखवलेल्या जागी टेकवला. मशीननं तो घेतला नाही. तिनं पुन्हा पुसून पुन्हा टेकवला. बँकेतही असंच होतं, रेशनच्या दुकानातही होतं, असं ती पुटपुटली. चिल्लर आणि तिकिटं हाताळून बोटं गुळगुळीत झाली होती. पण ती सोडायला तयार नव्हती, आता तर्जनी पुसत होती.

"कशाला पायजे तुला बोट?" आर्यन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी काय करतोय ते बघायला? मग सरळ सांग की."

अझीम खाली वाकून एक रिकामा खोका उगीच इकडचा तिकडं ठेवायला लागला. संघप्रियाचा हात तिथंच थांबला. आता आवाज येणार म्हणून आर्यननं मान ताठ केली. पण तिनं काउंटरच्या काचेकडं बघितलं.

"तुझं काय बघायचंय मला," ती म्हणाली. "मी बीएला नाव घातलंय. मुक्त विद्यापीठात."

ती काचेकडं बघतच सांगत राहिली. लग्नात सुटलेलं शिक्षण पुन्हा धरावं असं बरेच दिवस मनात होतं. दुपारची गाडी गारगोटीला बराच वेळ थांबते. विश्रांतीच्या खोलीत एकच प्लग आहे आणि त्यात कायम कुणाचा तरी मोबाइल असतो, म्हणून ती बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसून मोबाइलवर शिकवणं ऐकते. अक्षरं एवढीएवढीशी दिसतात, डोळ्यांतून पाणी येतं. घरात कुणालाच सांगितलेलं नाही, गणपतीलाही नाही. कुठला घ्यावा एवढं फक्त अझीमला विचारलं होतं, तेही त्यानं स्वतःचं दुकान आहे असं गाडीत सांगितलं तेव्हा. कालचा फोनही त्यासाठीच होता.

"पास झाल्यावर सांगणार हुते," ती म्हणाली. "नापास झाले असते तर कुणाला कळलंबी नसतं."

तिला लाज वाटत होती. आईला लाजलेलं आर्यननं कधी बघितलं नव्हतं, आणि ते बघायला लागलं याचंच त्याला फार वाईट वाटलं. मघाचं आपलं बोलणं परत घेता आलं असतं तर त्यानं लगेच घेतलं असतं.

"मग हे कसं न्हेणार रोज गारगोटीला?" त्यानं विचारलं.

"न्हेईन की. मांडीवर घेऊन बसंन."

आर्यननं तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. डबा बाहेर काढला, बाटली बाहेर काढली आणि मोठा लॅपटॉप आत घालून बघितला. तो अर्धाच गेला. चार्जरला जागाच उरली नाही. त्यानं ती बॅग तशीच उघडी खांद्याला अडकवली. पट्टा जिथं रुतला, तिथं आई रोज झोपताना मलम लावून घ्यायची. त्यानं बॅग उतरवली, लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्या मोठ्या, झळाळत्या स्क्रीनकडं थोडा वेळ बघत उभा राहिला. त्याला तो हवाच होता. आत्तासुद्धा हवा होता.

"अझीमभाई," तो म्हणाला, "ते बारकं द्या."

संघप्रियाची मान वर आली. तिचे डोळे बारीक झाले.

"का? आत्ता तर मोठंच पायजे हुतं."

"जड काम कॉलेजात करीन. मोठी मशिनं हायत तितं."

"लॅब पाचला बंद हुती म्हणालतास."

"न्हाय. आठपर्यंत उघडी असती."

"कोण म्हणालं?"

"असती उघडी. मला आधी चुकीचं सांगितलंतं."

ती त्याच्याकडं बघायला लागली. तिकीट आत्ता तर इथंच होतं म्हणत खिसे चाचपणाऱ्या माणसाकडं ती असंच बघायची. आधी डोळ्यांत, मग हातांकडं, मग पुन्हा डोळ्यांत. आर्यनला हात कुठं ठेवावेत ते समजेना. त्यानं डबा आणि बाटली परत बॅगेत भरायला घेतली आणि बाटली आडवी पडली. अझीम दोघांकडं आळीपाळीनं बघत थांबला होता.

मग तिनं बॅग ओढून खांद्याला लावली, आणि गाडीत पुढच्या सीटकडं वळावं तशी काउंटरकडं वळली. पातळ लॅपटॉप जवळ घेऊन तिनं अंगठा पुन्हा एकदा कोटाला पुसला.

"बघा," ती अझीमला म्हणाली, "ह्याला घेतंय का."