एक्कावन्नाव्या होमरनचा चेंडू

मी बोलतोय, पण फार उशिरा. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांचं व्हायचं ते होऊन गेलं. तरी ऐका, या गॅरेजमध्ये मला दुसरं काम नाही.

मी चेंडू आहे. क्रिकेटचा नव्हे, बेसबॉलचा. पांढरा, लाल टाक्यांचा. कुणा बाईनं दोन्ही हातांनी सुया ओढत मला एकशे आठ टाके घातले. मॅचच्या आधी माझी चकाकी जावी म्हणून मला चिखल चोळला गेला. आमच्यात अशी पद्धतच आहे, आधी मळवतात आणि मग खेळायला घेतात.

माझ्या नशिबी एकच फटका होता. तो वीरनं मारला. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या शैलेंद्र आणि रेणूचा हा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, वरच्या लीगच्या दारात उभा. त्या मोसमातला त्याचा हा एक्कावन्नावा होमरन. लीगचा चाळीस वर्षांचा विक्रम मोडला. कुंपणापलीकडे पडलेल्या मला त्याच्याच संघातल्या एकानं उचलून आणून दिलं. तेव्हा शैलेंद्र स्टँडमधून नागपूरला मेव्हणीशी फोनवर ओरडत होता, "अगं लतिका, सिक्सर समज! पण ह्याच्यापुढे सिक्सर म्हणजे किस झाड की पत्ती!"

वीरनं मला बॅगेत, मोज्यांमध्ये कोंबलं. तिथं माझ्या शेजारी एक छोटी काचेची बाटली होती आणि थोड्या सुया. मी नवखा, मला वाटलं, खेळाडूंचं सामान असंच असत असेल.

घरी रेणूनं माझे टाके मोजले. "अहो, एकशे आठ! जपमाळेइतकेच!" झालं, माझी रवानगी थेट देवघरात. बाळकृष्णाच्या शेजारी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वीरला शाल-श्रीफळ मिळालं, आणि दसऱ्याला त्याच्या बॅटबरोबर मलाही हळदकुंकू लागलं. ते माझ्या कातड्यात पार मुरलं. रोज सकाळी रेणू माझ्या एकेका टाक्यावर बोट ठेवून जप करायची. खरं सांगतो, मला ते आवडायचं. चेंडूला इतका मान कोण देतं?

दिवाळीच्या चकल्या तळत असताना बातमी आली. वीरच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. त्याला खेळायला बंदी झाली. मंडळाच्या वेबसाइटवरून त्याचा फोटो नाहीसा झाला. कालपर्यंत ज्या काकू 'आमचा वीर' म्हणत होत्या, त्या ग्रोसरीत रेणूला पाहून ट्रॉली वळवायला लागल्या.

"मी काहीच घेतलं नाही," वीर म्हणाला.

रेणूचा त्याच्यावर विश्वास होता. म्हणूनच तिला भलतंच आठवलं. लतिकानं नागपूरहून पाठवलेलं अश्वगंधाचं चूर्ण! वीर घरी आला की ती ते त्याला दुधातून द्यायची.

"त्यातच काही मिसळलेलं असणार," ती देवघरापुढं बसून रडली. "माझ्या हातानं पाजलं मी त्याला."

वीर दारात उभा होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मला तोंड असतं तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. बाटली मी पाहिली होती ना!

मग रेणूनं पदर खोचला. ओळखीतल्या आश्लेषा या वकील मुलीला गाठलं. चुकीची कबुली स्वतः लिहून दिली आणि उरलेलं पाकीट लॅबमध्ये तपासायला पाठवायला लावलं.

"मॉम, ड्रॉप इट. प्लीज," वीर म्हणाला.

"का म्हणून? चूक माझी आणि शिक्षा तुला?"

तो तिला इतकंच सांगू शकला असता की चूक तुझी नाही. ते त्याला जमलं नाही.

तीन महिने रेणू स्वतःलाच दोष देत राहिली. माझ्यावर जप करताना ती मध्येच चुकायची आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा सुरू करायची. मग एका शनिवारी दुपारी आश्लेषाचा फोन आला. शैलेंद्रनं तो स्पीकरवर टाकला.

"मावशी, रिपोर्ट आला. पावडर क्लीन आहे. टोटली क्लीन."

"बघ!" शैलेंद्र एकदम खुलला. "मी म्हणत नव्हतो, लतिका भेसळीचं कधी पाठवायची नाही!" मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, हा रिपोर्ट लीगकडेही गेलाय," आश्लेषा हळूच म्हणाली. "डिफेन्स म्हणून ही तपासणी आपणच मागितली होती ना. सॉरी."

वीर जिन्यावर बसला होता. रेणू त्याच्याकडे वळली.

"तीन महिने मी स्वतःला बोल लावत होते. तू बघत होतास, वीर."

"आय नो, आई."

इतकंच. ना रडारड, ना भांडण. पुढच्याच आठवड्यात संघानं त्याचा करार मोडला. आता तो वरच्या खोलीत राहतो, एका गोदामात कामाला जातो. रेणू त्याला अजून दूध देते, नुसतं. तो ते मुकाट्यानं पितो.

मला देवघरातून काढून रेणूनं इथं गॅरेजमध्ये, एका खोक्यात आणून ठेवलं. कुणी या घरी आलात तर माझ्यावर एक उपकार करा: मला उचला आणि कुठल्याही कुत्र्यापुढं भिरकावून द्या. मला पुन्हा चिखलात लोळायचं आहे. देवपण नको.

खोकं बंद करण्याआधी रेणूनं मला हातात घेतलं होतं. टाक्यांवरून बोट फिरवलं, पण जप केला नाही.

"तुला तरी कळलं असेल," ती म्हणाली. "त्या फटक्यात माझ्या वीरचं किती होतं?"

तो फटका मी अंगावर घेतला होता. पण मलाही ते सांगता येत नाही.