काळी तीनमधली बाई

‘जुनी चित्रगीते रसिक मंडळ’ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता गंगापूर रोडला खंडेरावांच्या दिवाणखान्यात भरायचं, आणि भरलं की आधी अर्धा तास हल्लीच्या गाण्यांना शिव्या घालायचं. ही मंडळाची आरती. ती झाल्याशिवाय रेकॉर्डला कुणी हात लावत नसे.

“हल्लीच्या पोरींच्या गळ्यात असतं काय?” गोटीराम मास्तर विचारायचे. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पेटी बरी वाजवणारे. “माइक काढून घ्या, मांजर उरतं.”

“आणि हिरो बघा,” खंडेराव म्हणायचे. पिंपळगावला त्यांचं द्राक्षांचं शीतगृह होतं, त्यामुळे थंडपणे बोलणं त्यांना साधलं होतं. “आपल्या वेळचा हिरो रडला तर एकाच डोळ्यातून रडायचा.”

“आणि दुसरा?” खंडेरावांच्या बायकोने, छायाताईंनी, चहाचा ट्रे ठेवत विचारलं.

“दुसरा अंधारात. त्याला प्रकाशयोजना म्हणतात. तुला नाही कळायचं.”

साधना मंडळाची चिटणीस होती. म्हणजे वडील वारल्यावर त्यांच्या खुर्चीवर तिला बसवलं होतं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. कॉलेजात ती पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घ्यायची. तिथे मुलं मनाचे आकडे लिहून आणत आणि ती काही न बोलता लाल शाईने ते खोडत असे. मंडळात लाल शाईची सोय नव्हती. बारा वर्षं ती या लोकांची मतं निळ्या शाईत उतरवत आली होती.

मंडळाचं सगळ्यात मोठं धन म्हणजे एक काळी तबकडी. ‘मोगऱ्याची आण’ या १९४९ सालच्या चित्रपटातलं ‘वाट पाहते उंबराखाली’ हे गाणं. चित्रपट कधीच नाहीसा झालेला. तबकडीवर गायिका म्हणून ‘कु. चंद्रिका’ छापलेलं, पण ते नायिकेचं चित्रपटातलं नाव; त्या काळी पुष्कळदा गाणाऱ्याचं नाव छापतच नसत. खंडेरावांना ती भद्रकालीतल्या जुन्या बाजारात मिळाली होती. दुसरी प्रत मंडळाने ऐकलीही नव्हती, आणि प्रत्येक सभासदाच्या घरी जी कॅसेट होती, ती खंडेरावांच्याच यंत्रावरून उतरवलेली.

“ऐका, ‘उंबराखाली’वर कशी रेंगाळते,” खंडेराव डोळे मिटून सांगत. “ही पोक्त बाई आहे. आयुष्याने भाजलेली. चाळिशीच्या आत असा खर्ज लागत नाही.”

“नवऱ्याने टाकलेली असणार,” मास्तर म्हणत.

साधनाने हेही इतिवृत्तात लिहिलं होतं.

१९९९ साली गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मंडळाने कार्यक्रम आणि स्मरणिका काढायचं ठरवलं. स्मरणिकेची कच्ची पानं साधनाच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली असताना मखमलाबादच्या सावित्रीबाई भाजी घेऊन आल्या. मळ्यातली मेथी, गिलकी, वर पानात बांधलेली शेवंती. वीस वर्षं त्या दारावर येत होत्या. चष्मा सावरत त्यांनी वरचं पान वाचलं: ‘वाट पाहते उंबराखाली’, गायिका अज्ञात.

“अज्ञात म्हंजी कोण, ताई?”

“जिचं नाव कुणाला माहीत नाही ती.”

“मंग मला इचारायचं ना.”

साधनाने मान वर केली.

“मीच गायलेय हे,” सावित्रीबाई गिलकी तराजूत घालत म्हणाल्या. “सोळा वर्साची होते. गणपतीच्या मेळ्यात गायचे, तिथून एक पेटीवाले बुवा मला मामासंगं ममईला घेऊन गेले. एक दिस गायले आन् परत आले. मंग लगीन झालं. सासरी गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती.” त्या थांबल्या. “नाव छापत्यात का हो त्याच्यात? खरंखुरं? एकडाव छापलेलं बघायचं व्हतं.”

साधनाने लगेच विश्वास ठेवला नाही. तिने विचारलं, गाणं कोणत्या पट्टीत होतं?

“काळी चार,” बाई पटकन म्हणाल्या. “बुवा म्हनायचे, पोरी, कुनी झोपेत इचारलं तरी काळी चार सांगायचं. त्यांनी उतरवून बघितलं, पर मला खाली जमंना.”

हे उत्तर बनवलेलं नव्हतं. बनवणारा माणूस पट्टी सांगत नाही, गोष्टी सांगतो.

पुढच्या रविवारी सावित्रीबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, पदरात शेवंतीचा पुडा घेऊन खंडेरावांच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. खंडेरावांनी तो पुडा छायाताईंकडे दिला, जणू माल पोचला.

“म्हणजे तुम्ही गायलात,” ते म्हणाले. “छान. काय हो मास्तर, आणखी कुणी राहिलंय का? परवा आमचा दूधवाला म्हणत होता, तो पण नाचलाय कशात तरी.”

हशा झाला.

“म्हणून दाखवा ना,” मास्तर पेटी पुढे ओढत म्हणाले. “दोन ओळी.”

सावित्रीबाई गायल्या. आवाज चिरकलेला होता, दम मध्येच तुटत होता, पण सूर घ्यायला त्या पेटीपाशी थांबल्या नाहीत. मास्तरांची बोटं त्यांच्या मागे फिरली आणि एका काळ्या पट्टीवर स्थिरावली.

“काळी चार,” मास्तर म्हणाले.

“तेच तर सांगते मी.”

“अहो बाई, पण रेकॉर्ड काळी तीनमध्ये आहे!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “पंचवीस वर्षं वाजवतोय मी तिच्याबरोबर. स्वतःच्या गाण्याची पट्टी ठाऊक नाही?”

खंडेरावांनी तबकडी लावली. मास्तरांनी काळी तीन दाबून धरली. तंतोतंत.

“माणसाचा आवाज वयानं खाली येतो,” खंडेराव म्हणाले. “या बाई पन्नास वर्षांत वर चढल्या. बाजारात ओरडून ओरडून झालं असेल.”

सावित्रीबाई तबकडीकडे बघत होत्या. “ही मी नाय,” त्या पुटपुटल्या. “शब्द माझेच हायेत, पर ही कुनी दुसरीच बाई हाय.”

“बघा, कबूलच केलं!”

साधना मान खाली घालून लिहीत होती. तेवढ्यात कप गोळा करत छायाताई सहज म्हणाल्या, “ती तरी काय करणार? ह्यांच्या यंत्रावर सगळेच ओढत ओढत गातात. तीच गाणी रेडिओवर लागली की कशी टुणटुणीत वाटतात.”

“रेडिओवाले पळवतात गाणी,” खंडेराव म्हणाले. “पत्र पाठवलंय ना आपण त्यांना.”

साधनाचं पेन थांबलं.

ते पत्र तिनेच लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी. ‘आपल्या केंद्रावरून जुनी गीते मूळ गतीपेक्षा जलद वाजवली जातात, त्यामुळे त्यांतील व्यथेची हानी होते, सबब…’ सुवाच्य अक्षरात, खाली चिटणीस म्हणून सही. सगळं जग एका वेगाने वाजवतंय आणि एकच घर दुसऱ्या वेगाने, तर चूक जगाची, असं तिने, पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईने, स्वहस्ते लिहून दिलं होतं. एखाद्या विद्यार्थ्याने हे लिहिलं असतं तर तिने पान फाडलं असतं.

स्मरणिका छापायला जाण्याआधी मजकूर पक्का करायची बैठक आठवड्याने होती. साधना दोन गोष्टी घेऊन गेली: पदरात पुन्हा शेवंतीचा पुडा घेतलेल्या सावित्रीबाई, आणि कंपास-कोनमापकाने आखलेली पुठ्ठ्याची चकती. चकतीच्या कडेला सत्याहत्तर काळ्या रेघा.

“हे काय, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण?” मास्तरांनी विचारलं.

“रेकॉर्ड मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरायला हवी,” साधना म्हणाली. “ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आपल्याला दिसत नाही. वेग बरोबर असेल तर तिच्या उजेडात या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतील.”

तिने पडदे ओढले, ट्यूब लावली, चकती ठेवून यंत्र सुरू केलं. रेघा थांबल्या नाहीत. मागे मागे पळत सुटल्या.

“मिनिटाला सत्तरच फेरे होताहेत,” मनगटी घड्याळावर मोजून ती म्हणाली. “एवढं सोपं आहे हे मोजणं. पंचवीस वर्षांत कुणाला सुचलं नाही एवढंच.”

बारा वर्षांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. तिने तबकडीखालचं रबरी चाक स्पिरिटने पुसलं. ते घोटून गुळगुळीत झालं होतं आणि घसरत होतं. आसाशी ग्रीस घट्ट होऊन मेणासारखं जमलं होतं. ते खरवडून तिने छायाताईंच्या शिवणयंत्राचं तेल चार थेंब सोडलं. पुन्हा यंत्र सुरू केलं. रेघा आधी मंदावल्या, मग घुटमळल्या, आणि उभ्या राहिल्या.

चकती काढून तिने गाणं लावलं.

दिवाणखान्यात एक सोळा वर्षांची पोरगी गायला लागली. आवाज कोवळा, चढा, थोडा घाबरलेला. ‘उंबराखाली’वर ती रेंगाळत वगैरे नव्हती, श्वास घेऊन पुढे निघून जात होती. तिला कुणी टाकलेलं नव्हतं. तिचं अजून लग्नच व्हायचं होतं.

मास्तरांचा हात काळी तीनवर होता. तो एक पांढरी ओलांडून काळी चारवर गेला आणि तिथेच राहिला.

सावित्रीबाईंनी पदर तोंडाला लावला. “हां,” त्या म्हणाल्या. “ही मी.”

गाणं संपलं. मग खंडेराव खाकरले.

“तांत्रिकदृष्ट्या ठीक असेल. पण हे काही ते गाणं नाही. यात ती व्यथा कुठंय?”

“व्यथा ग्रीसमध्ये होती,” साधना म्हणाली.

छायाताई हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

“पोरकट वाटतं हो,” मास्तर खंडेरावांच्या मदतीला आले. “लोक कार्यक्रमाला आपलं गाणं ऐकायला येणार. एवढ्या वर्षांची सवय आहे कानाला. रसिकाचा कान म्हणजे काही घड्याळ नव्हे.”

बरीच कुजबुज झाली. शेवटी खंडेरावांनी, मोठ्या मनाचा माणूस बोलतो तसं, तोडगा काढला. “असं करू. सावित्रीबाईंचं नाव छापू. गायिका म्हणून. फोटोही घेऊ. कार्यक्रमात मात्र आपली जुनी कॅसेट वाजवायची. बाईंनी स्टेजवर यायचं, नारळ घ्यायचा, आणि हेच आपलं गाणं असं दोन शब्दांत सांगायचं. झालं?”

साधनाने सावित्रीबाईंकडे पाहिलं. नाव मिळत होतं. मोठ्या अक्षरात, फोटोसकट. त्याच्यासाठीच तर बाई आल्या होत्या.

सावित्रीबाईंनी सोफ्यावरून उठून लुगडं सारखं केलं.

“नगं, शेट,” त्या म्हणाल्या. “ती काळी तीनमधली बाई मी नाय. तुमी तिला घडवली, तुमीच तिचं नाव शोधा. नवऱ्यानं टाकलेली म्हनं. सापडंल की कुठंतरी.”

“अहो, पण संधी चालून आलीय…”

“माझा आवाज मला ऐकाया भेटला. तुमच्या कानाचं तुमी बघा.” त्या दाराशी थांबल्या. “आन् त्या वहिनींनी फुलं पाण्यात ठेवली नसतील, तर ठेवा म्हनावं.”

साधनाने इतिवृत्ताची वही मास्तरांच्या पेटीवर ठेवली. आजचं पान कोरं होतं. पुढचं ज्याला अक्षर असेल त्याने लिहावं.

खाली साधनाच्या लूनावर मागे बसताना सावित्रीबाईंनी हात पुढे केला. “ती रेघांची चकती द्या मला.”

“काय करणार तिचं?”

“छापलेलं नाव नाय मिळालं. नातवांना दाखवाया काहीतरी नको का?”

साधनाने पर्समधून चकती काढली, लाल शाईचं पेन काढलं, आणि रेघांच्या मधोमध, मोकळ्या जागेत, सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. खाली पट्टीही लिहिली.