‘थांबवू नये’ पाटीकडचा थांबा

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मित्रांनो, कसालहून मालवणला जाताना एक आंधळे वळण लागते, तिथे मी उभी असते. १९५६ साली बाबली पेंटरने मला पांढरा रंग देऊन वर काळ्या अक्षरांत लिहिले, ‘येथे गाडी थांबवू नये’. अक्षर इतके ठसठशीत, की रस्ते खात्याच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

पण मला रोवले ते नेमके राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, धोंड्याशेजारी. एस.टी.चे ड्रायव्हर दाजी तिथे रोज थांबत, धोंड्यावर फूल ठेवून गाऱ्हाणे घालत आणि मगच पुढे जात. गाडी थांबते म्हणून माणसे चढू-उतरू लागली. होता होता तो थांबाच झाला, आणि त्याला नाव पडले ‘पाटीकडे’. शिकलेली माणसेसुद्धा कंडक्टरकडे ‘पाटीकडे’चे तिकीट मागत. पुढे कोणीतरी मलाही गंध लावले. देवाच्या शेजारी राहिले की असे फुकटचे मोठेपण मिळते. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

१९६२ साली दाजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी घाटावरचे शंकरराव आले. माणूस भला, पण नियमाचा पक्का. त्यांच्या पहिल्याच सकाळी जवळच्या वाडीतली शेवंती माझ्याखाली उभी होती. तिच्या खांद्यावर तापाने फणफणलेली तिची चार वर्षांची मुलगी सुगंधा होती. तिला मालवणच्या डॉक्टरकडे न्यायचे होते आणि दिवसाला गाडी एकच. शेवंतीने हात केला. शंकररावांनी मला वाचले आणि गाडी पुढे नेली. राखणदार रागावेल म्हणून आतल्या उतारूंनी डोळे मिटून हात जोडले.

शेवंती चालत निघाली. पोचायला तिला संध्याकाळ झाली. सुगंधा परत आली नाही.

शंकररावांना हे कळायला पंधरा दिवस गेले. मग त्यांनी माझ्यासमोर गाडी उभी केली. शेवंती गवताचा भारा घेऊन चालली होती. पाटीवर तसे लिहिले होते, एवढेच ते कसेबसे म्हणाले. ती रागावली नाही.

“माका वाचूक येना नाय,” ती म्हणाली. “गाडी हय थांबता म्हणानच ही पाटी लावलेली, असा माका वाटला.”

आणि ती भारा घेऊन गेली.

मला तेव्हा रडू यायला हवे होते. आले नाही. पत्र्याला काय येणार? तो उन्हात तापतो, पावसात गंजतो.

पुढे एस.टी.च्या कचेरीने माझ्या डोक्यावर दुसरी पाटी ठोकली, ‘बस थांबा’. मला काढायचे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. परगावची माणसे आम्हा दोघींना एका खांबावर बघून हसतात. शेवंती कधी मालवणला निघाली तर हात करत नाही, नुसती उभी राहते. शंकरराव थांबतात.

तुम्हीही हसा, मित्रांनो. पाट्या वाचा, नियमही पाळा. पण पाटीखाली कोण उभे आहे, तेही बघत जा. त्या सकाळी मला त्या दोघी दिसत होत्या. माझ्या अंगावर मात्र ‘थांबवू नये’ एवढेच लिहिलेले होते.