पोटखराबातली फुलं

मी लोणच्याची बरणी बोलतेय. झाकण फुटलं तशी माझ्यातलं लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात गेलं आणि मी मागच्या पडवीत. झाकण गेलेली बरणी माणसांना अडगळच वाटते. हिराला मात्र मी फुलांसाठी बरी वाटले.

हिराचं घर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या वाडीत. नवरा खंडू होडीवर जातो. घरामागे नुसता कातळ होता. दोघांनी टोपल्यांनी माती वाहिली आणि त्यावर बाग केली. सातबाऱ्यावर मात्र ती जागा ‘पोटखराब’च राहिली, म्हणजे जिथं काही पिकत नाही अशी. आता तेवढ्या एका शब्दावर बागेतून रस्ता न्यायचं ठरलंय. जागा ओसाड आहे, कुणाचं काही जात नाही, असं वर कळवलंय. कळवणाऱ्यानं परसात पाऊलही टाकलं नव्हतं.

मोजणीचे साहेब यायचे होते त्या चैत्रातल्या सकाळी हिरा ऊन चढायच्या आत बागेत गेली. देवांची फुलं आधी वेगळी काढली. मग अनंताच्या लांब काड्या मागे, तांबडी जास्वंद मधे, काठाला अबोली. चाफ्याचा चीक गळू दिला आणि मगच तो माझ्यात खोचला.

“फुलं बघून साहेब रस्ता वळवणार काय गो?” खंडूनं विचारलं.

“नाय वळवला तर नाय. ओसाड म्हणताना जीभ तरी अडखळेल. तुम्ही पाणी आणा.”

“लोणच्याचा वास मारतेय ती बरणी.”

“मग साहेबांना भूक लागेल.”

साहेब आले आणि मला पाहून खूश झाले. “ताई, सत्काराची काय गरज होती?”

जन्मभर ज्यांच्या हातात गुच्छच पडले, त्यांना फुलाचा दुसरा अर्थ कुठून सुचणार?

“सत्कार नाय, साहेब. ही तुमच्या पोटखराबात आलीत. मागं या, दाखवते.”

“बघू, बघू,” म्हणत त्यांनी चहा संपवला आणि ते पुढच्या दारानंच निघाले. त्यांच्या शिपायानं, दीपकनं, माझ्यातली फुलं उपसली, दोऱ्यानं बांधली आणि गाडीत ठेवली. हिराचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी अनंताच्या बुंध्याशी रस्त्याच्या हद्दीचा दगड रोवून त्याला तांबडा रंग फासला गेला. हिरा हरकत घेऊन कचेरीत जाऊन आली. आता हिरा रोज सकाळी मला भरते आणि त्याच दगडावर ठेवते.

पुन्हा कुणी मोजणीला याल, तेव्हा मला सत्कार समजू नका, हातही लावू नका. हिराची हरकत कचेरीत कुणी लिहून घेतली नाही, म्हणून ती रोज माझ्यात खोचून ठेवते.